चाळीस मिनिटांत पुसलेली सीमा

१९७० साली ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’च्या सातव्या खंडात सतरा पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोघं, एल. डी. फ्राय आणि मायकेल एडिडिन. दोघंही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले. उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकजीव झाल्यावर त्यांच्या पृष्ठभागावरचे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडं ज्यांना ओळखून धरतात ते रेणू, किती झपाट्यानं एकमेकांत मिसळतात, एवढाच त्याचा विषय. शीर्षकही तेवढंच सांगतं. मोठी घोषणा त्यात कुठेही नाही.

पेशीचं आवरण घट्ट कवच नसून प्रवाही पटल आहे, ही गोष्ट आज अकरावीच्या जीवशास्त्रात शिकवतात. तिथं सिंगर आणि निकोल्सन ही नावं आणि १९७२ हे साल पाठ करावं लागतं. फ्राय आणि एडिडिन यांच्या वाट्याला बहुतेक पुस्तकांत एखादी आकृती येते: एक हिरवा गोल, एक लाल गोल, मग अर्धा हिरवा-अर्धा लाल असा जोडगोल आणि शेवटी दोन्ही रंगांचे ठिपके सगळीकडे विखुरलेले. आकृती खोटी नाही, पण तिच्यात फक्त निकाल उरतो. निबंध मुळातून वाचला की कळतं, त्याची खरी गोडी निकालात नसून निकालापर्यंतच्या वाटेत आहे. कवितेचं रसग्रहण करताना आपण आशयाबरोबर रचनेकडेही पाहतो. या निबंधाची रचना तशीच पाहण्याजोगी आहे, आणि म्हणूनच तो सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात खुणेपासून करायला हवी. उंदराच्या पेशीची ओळख पटवण्यासाठी फ्राय आणि एडिडिन यांनी जे रेणू निवडले, त्यांचं नाव एच-२. हे ऊतकसुसंगतीचे प्रतिजन. एका उंदराचं मांस दुसऱ्याच्या शरीरात रुजणार की नाकारलं जाणार, हे प्रामुख्यानं ज्यांच्यावर ठरतं ते रेणू. ते सापडले मात्र कर्करोगाच्या मागावर असताना.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रयोगशाळांत उंदरांच्या गाठी एकातून दुसऱ्यात रोवून पाहिल्या जात. कधी गाठ रुजायची आणि वाढायची, तर कधी काही दिवसांत विरून जायची. अनेकांना ही कर्करोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती वाटली. अमेरिकेत टायझर आणि क्लॅरेन्स कुक लिटल यांनी दाखवलं की रुजणं-न रुजणं आनुवंशिक आहे आणि त्यामागे एकाहून अधिक जनुकं आहेत. पुढचं निर्णायक पाऊल लंडनमध्ये पडलं. पीटर गोरर हा तरुण वैद्यक आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या विचारांच्या प्रभावाखाली उंदरांच्या रक्ताकडे वळला. (हे हाल्डेन पुढे भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) १९३६ साली गोररनं उंदरांच्या तांबड्या पेशींवरचे प्रतिजन वेगळे ओळखले. त्यातल्या ‘प्रतिजन दोन’चा गाठीच्या नशिबाशी थेट संबंध निघाला. गाठीवर तो प्रतिजन होता आणि ज्या उंदरांत तो नव्हता ते गाठ नाकारत होते. नाकारल्यानंतर त्यांच्या रक्तात त्याच प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडं सापडत होती. म्हणजे उंदीर कर्करोगाला नाकारत नव्हता, तो परक्याला नाकारत होता. गाठीच्या जागी निरोगी कातडी असती तरी तेच घडलं असतं.

पुढच्या दशकात अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथं जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेल या नाकारण्यामागची जनुकं एकेक करून वेगळी काढत होता. १९४८ साली गोरर, लायमन आणि स्नेल यांनी मिळून दाखवलं की स्नेलच्या जनुकांपैकी एक आणि गोररचा ‘प्रतिजन दोन’ यांची जागा एकच आहे. या कामात वाकड्या शेपटीचं एक जनुक त्यांना वाटाड्यासारखं उपयोगी पडलं. एकत्र आलेल्या त्या जागेला एच-२ हे नाव मिळालं. स्नेलला १९८० साली नोबेल मिळालं, गोरर मात्र १९६१ सालीच गेला होता.

इतकी पार्श्वभूमी सांगायचं कारण असं की एच-२ हा प्रतिजन म्हणजे उंदराच्या स्वत्वाची खूण होती. चाळीस वर्षांच्या गाठींच्या कलमांतून, हजारो मेलेल्या आणि जगलेल्या उंदरांतून ती हाती आली होती. फ्राय आणि एडिडिन यांनी स्वत्वाचा प्रश्नच बाजूला ठेवला. त्यांना कलम रुजवायचं नव्हतं, कर्करोग समजून घ्यायचा नव्हता. ही खूण पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि तिला नेमकं पकडणारं सिरम मिळतं, एवढ्याच गोष्टीशी त्यांचा संबंध. एका शास्त्रशाखेचं मोठं उत्तर दुसऱ्या शाखेच्या हातात नुसतं हत्यार होऊन जातं, आणि तिथून पूर्णपणे वेगळा प्रश्न उघडतो. या निबंधातलं मला सर्वांत आधी भावलं ते हे.

तो वेगळा प्रश्न कोणता? पेशीचं आवरण मेदाच्या दुहेरी थराचं असतं, हे गोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ साली सुचवलं होतं. १९३५ मध्ये डॅव्हसन आणि डॅनियेली यांनी त्या मेदावर बाहेरून प्रथिनांचे थर चढवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली आवरणाच्या दोन काळ्या रेघा आणि मधली पांढरी पट्टी दिसायला लागल्यावर हे चित्र आणखीच पक्कं झालं. पण त्या सूक्ष्मदर्शीखाली पेशी मेलेली, वाळवलेली आणि कापलेली असते. एखादं प्रथिन आत्ता इथे आहे, ते थोड्या वेळानं तिथेच असेल का, हे अशा छायाचित्रातून कधीच कळणार नाही.

जिवंत पेशीवरही ते कळणं सोपं नाही. इथे निबंधाच्या गाभ्याशी आपण येतो. समजा, पेशीच्या पृष्ठभागावर एच-२चे असंख्य रेणू आहेत आणि ते सगळे सतत फिरताहेत. त्यांना हिरवा रंग दिला तर काय दिसेल? सगळीकडे सारखा हिरवा रंग. आणि ते सगळे जागच्या जागी खिळलेले असतील तर? तेव्हाही सगळीकडे सारखा हिरवा रंग. एकाची जागा त्याच्यासारख्याच दुसऱ्यानं घेतली तर पाहणाऱ्याला काहीच बदलल्यासारखं वाटत नाही. हालचाल असो वा नसो, चित्र तेच. ती ओळखायची तर आधी असमतोल हवा: एका बाजूला एकच जात, दुसऱ्या बाजूला दुसरीच, आणि मधे स्वच्छ सीमा. निसर्गात अशी पेशी नसते. म्हणून ती घडवावी लागली.

घडवण्याचं साधन जपानातून आलेलं होतं. सेंदाई शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या विषाणूला पेशींची आवरणं एकमेकांत मिसळवण्याची खोड आहे. ओसाकाच्या योशिओ ओकाडांनी १९५०च्या दशकात ती हेरली. १९६५ साली ऑक्सफर्डमध्ये हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेला हाच विषाणू वापरून माणसाच्या आणि उंदराच्या कर्कपेशी एकत्र आणल्या. दोन वेगळ्या जातींची केंद्रकं एकाच आवरणात नांदणाऱ्या अशा पेशीला हेटरोकॅरिऑन म्हणतात. आपण तिला जोडपेशी म्हणू. हॅरिस आणि त्यांच्या मागून आलेल्या बहुतेकांचं लक्ष केंद्रकांकडे होतं. कुठली जनुकं जागी होतात, कुठली गुणसूत्रं गळून पडतात, याची उत्सुकता होती. फ्राय आणि एडिडिन यांनी केंद्रकांकडे पाहिलंच नाही. दोन आवरणं जुळण्याचा तो क्षण त्यांना हवा होता.

त्या क्षणी जोडपेशीचा एक अर्धा भाग निव्वळ उंदराचा आणि दुसरा निव्वळ माणसाचा असतो. घड्याळात शून्य वाजलेलं असतं. इथून पुढे जे बदलेल ते मोजता येईल. भौतिकशास्त्रात विसरणाचं गणित मांडताना ‘सुरुवातीची स्थिती’ कागदावर सहज लिहून टाकता येते. जीवशास्त्रात ती स्थिती जिवंत पेशीवर, विषाणूच्या मदतीनं, हातांनी तयार केलेली मला या निबंधात दिसते. याहून देखणी कल्पना मी पेशीशास्त्रात फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

पेशींची निवडही बघण्यासारखी आहे. उंदराची बाजू सीएल-१डी नावाच्या वाणाची. तिचा वंश एल-पेशींकडे जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत विल्टन अर्ल यांनी १९४० साली सी-३-एच जातीच्या एका उंदराच्या त्वचेखालच्या ऊतकापासून त्या वाढवायला घेतल्या आणि कर्करोग घडवणाऱ्या मिथाइलकोलँथ्रीनच्या सहवासात ठेवल्या. काचेच्या भांड्यात त्या पिढ्यान् पिढ्या वाढत राहिल्या. उंदरात टोचल्या तर गाठ धरायच्या. सीएल-१डी हा त्यांचाच एक उपवाण. १९६७ मध्ये मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदीर-माणूस संकर पेशी तयार केल्या त्याही याच वाणापासून. माणसाची बाजू व्हीए-२, म्हणजे एसव्ही-४० विषाणूनं पालटलेल्या मानवी पेशींचा वाण. दोन्हीही न थकता वाढणाऱ्या पेशी. ज्या सी-३-एच उंदराच्या अंगातून तो वंश आला तो केव्हाच गेला होता, पण त्याची एच-२ ओळख तीस वर्षांनीही भांड्यातल्या पेशींवर शाबूत होती. ती शाबूत नसती तर हा प्रयोगच झाला नसता.

आता रंगकाम. अंगाला चमकणारं रंगद्रव्य चिकटवलेली प्रतिपिंडं वापरून ऊतकातला प्रतिजन शोधायची पद्धत हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४०च्या दशकात आणली. फ्राय आणि एडिडिन यांनी तिचा दोन पायऱ्यांचा प्रकार वापरला. पहिल्या पायरीत दोन सिरमांचं मिश्रण. एक उंदराचं, दुसऱ्या जातीच्या उंदराच्या एच-२विरुद्ध तयार झालेलं. दुसरं सशाचं, मानवी पेशींविरुद्ध तयार केलेलं. दुसऱ्या पायरीत त्या प्रतिपिंडांना धरणारी, रंग लावलेली प्रतिपिंडं. उंदराच्या प्रतिपिंडाला फ्लुरोसीन चिकटलं की हिरवं, सशाच्याला ऱ्होडामीन चिकटलं की तांबडं. उंदराची खूण उंदराच्याच सिरमानं ओळखायची, हे गोररच्या परंपरेतलं आहे. ज्या नकारानं एकेकाळी गाठ विरघळवली, त्याच नकाराचं प्रतिपिंड इथं रंगाची पहिली पायरी झालं.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे, आणि आकृतीत ती बऱ्याचदा हरवते. कित्येक ठिकाणी प्रयोग असा काढतात की आधी दोन्ही पेशी रंगवल्या, मग जोडल्या आणि मग रंग पसरताना पाहिले. निबंधातला क्रम उलटा आहे. आधी पेशी जोडल्या, ३७ अंश सेल्सिअसला ठेवल्या, आणि ठरावीक वेळांनी त्यातला थोडा भाग काढून घेऊन तेव्हा रंगवला. म्हणजे एखादी विशिष्ट जोडपेशी मिसळताना कुणीही पाहिलेली नाही. पाच-दहा मिनिटांनी काढलेल्या नमुन्यात अर्ध्या-अर्ध्या पेशी किती आणि पूर्ण मिसळलेल्या किती, पुढच्या नमुन्यात किती, ही मोजदाद झाली. हालचाल डोळ्यांनी दिसलेली नाही. ती टक्केवारीच्या सरकण्यातून वाचलेली आहे.

या क्रमाचं महत्त्व वर्षभरातच कळलं. १९७१ साली टेलर, डफस, रॅफ आणि द पेत्रिस यांनी दाखवलं की पांढऱ्या पेशींवर प्रतिपिंडं टाकली तर पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना बांधले जातात आणि पेशीच्या एका टोकाला टोपीसारखे गोळा होतात. प्रतिपिंडाला दोन हात असतात. ते दोन रेणूंना धरतं आणि त्यांना ओढतं. म्हणजे रंगवण्यानंच रेणू हलू शकतात. फ्राय आणि एडिडिन यांनी आधी रंगवून मग जोडलं असतं, तर ‘तुमच्या रंगानंच ते हलले’ हा आक्षेप घेता आला असता. त्यांच्या क्रमात मिसळणं घडतं तेव्हा प्रतिपिंड तिथं नसतंच. मिसळून झाल्यावर ते येतं आणि जे आहे ते दाखवतं. ही सावधगिरी निबंधात मिरवलेली नाही. ती फक्त पाळलेली आहे.

निकाल एका वाक्यात मावतो. जोडल्यावर ४० मिनिटांत ९० टक्क्यांहून अधिक जोडपेशींवर दोन्ही प्रतिजन पूर्ण मिसळलेले होते. एखाद्या साध्या लेखकानं इथेच टाळ्या घेतल्या असत्या. या दोघांचा खरा निबंध मात्र इथून सुरू होतो.

मिसळले हे कबूल, पण कसे मिसळले? ते चार शक्यता मांडतात. पहिली: जुने प्रतिजन झपाट्यानं मोडले जात असतील आणि नवे तयार होऊन सगळीकडे बसत असतील. दुसरी: पेशीच्या आत प्रतिजनांचा तयार साठा असेल आणि त्यातले रेणू आवरणात कुठेही घुसत असतील. तिसरी: आवरणातले रेणू आवरणाच्याच पातळीत सरकत असतील. चौथी: एखाद्या जागचे रेणू आत बुडून पेशीच्या आतून प्रवास करून दुसऱ्या जागी वर येत असतील. चारही शक्यतांत शेवटचं चित्र वरवर पाहता तेच आहे, मिसळलेली पेशी. नुसत्या चित्रावरून त्यांच्यात सहज निवड करता येत नाही.

मग ते पेशीचे एकेक मार्ग बंद करत जातात. प्युरोमायसिन, सायक्लोहेक्झिमाइड आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही औषधं प्रथिनं तयार होणं थांबवतात. ती देऊनही प्रतिजन मिसळले. पहिली शक्यता इथे ढासळते, कारण नवं प्रथिन तयारच होत नसेल तर ते नव्या जागी बसणार कसं? मग ऊर्जेचा पुरवठा. डायनायट्रोफिनॉल आणि सोडियम फ्लोराइड यांनी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचं उत्पादन तोडलं. तरीही मिसळले. आत बुडून पुन्हा वर येण्यासारखा प्रवास पेशीला ऊर्जा खर्चल्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे चौथ्या शक्यतेचा पाया हलतो. मग ‘डॉन’ या नावानं ओळखलं जाणारं एक रसायन. ते ग्लुटामिनवर अवलंबून असलेल्या घडणी अडवतं, त्यात पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्याही आल्या. हे रसायन तिथं का आलं, हे ठाऊक असलं की वाचनाला आणखी रंग चढतो. वर्षभरापूर्वी, १९६९ साली, हॉपकिन्समध्येच ओपेनहायमर, एडिडिन, ऑर आणि रोझमन यांनी दाखवलं होतं की पेशींना एकमेकींना चिकटायला ग्लुटामिन लागतं. पृष्ठभागाच्या घडणीतली ही बाजू एडिडिनच्या हाताशी होती. हे दार उघडं राहिलं तर उद्या कुणीतरी बोट ठेवील, हे त्याला माहीत असावं. तेही दार लावलं. तरी प्रतिजन मिसळतच राहिले.

एवढ्या औषधांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही, ही अपयशांची यादी नव्हे. प्रत्येक न थांबलेली पेशी ‘या मार्गानं नाही’ असं सांगत होती. नकाराची ही मालिका वाचताना मला आपल्या न्यायशास्त्रातल्या पूर्वपक्षाच्या मांडणीची आठवण होते. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याहूनही नीट मांडायचं आणि मगच त्याला उत्तर द्यायचं.

थांबवलं ते एकाच गोष्टीनं, थंडीनं. तापमान १५ अंशांखाली नेलं की मिसळणं रोखलं जातं. तोवर ३७ अंशांना आरामात मिसळणारे प्रतिजन आपापल्या अर्ध्यात अडकून राहतात. हिवाळ्यात तूप थिजतं तसा आवरणातला मेद दाट होतो आणि त्यात रुतलेलं प्रथिन सरकू शकत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. पण नीट विचार केला तर थंडीचा पुरावा एकटा अगदी दुबळा आहे. थंडीत पेशीतलं सगळंच मंदावतं. प्रथिनं घडणं, ऊर्जा तयार होणं, आत-बाहेर प्रवास, सगळंच. म्हणजे थंडीनं थांबलं एवढ्यावरून चारपैकी कुठलीही शक्यता खरी ठरू शकली असती. थंडीला वजन आलं ते आधीच्या नकारांमुळे. रासायनिक मार्ग बंद करूनही जे थांबलं नाही, ते मेद दाटल्यावर थांबलं, म्हणून बोट मेदाकडे वळतं. पुराव्याचे दोन तुकडे वेगवेगळे ठेवले तर दोन्हीही अपुरे, एकत्र ठेवले तर भक्कम. निबंधाची रचना म्हणतो ती ही.

तरी एक जागा मला जराशी मोकळी वाटते. दुसऱ्या शक्यतेतला साठा आधीच भरलेला असेल तर प्रथिनं घडणं थांबवून तो लगेच रिकामा होत नाही, आणि साठ्यातला रेणू वर यायला एटीपी लागेलच असं नुसतं गृहीत धरून चालत नाही. वाचकानं स्वतः थोडं पुढे जाऊन पाहिलं तर उत्तर त्याच चित्रात मिळतं. केवळ साठ्यातून नवे रेणू परक्या अर्ध्यात आले असते, तर जुने रेणू आपल्या मूळ अर्ध्यात राहिलेच असते आणि रंग तिथे गडद, इकडे फिका असा दिसायला हवा होता. पूर्ण मिसळणं म्हणजे जुन्यांनीही जागा सोडली. लेखक आपला निष्कर्ष पुरावा ‘सुचवतो’ अशा भाषेत ठेवतात. आवरण ताठ नाही, रेणूंना मोकळेपणानं सरकता येईल इतपत ते प्रवाही असावं. यापलीकडे एक शब्द नाही. इतकं शोधून इतकं कमी बोलणं मला मोठं वाटतं.

पुढचा इतिहास माहितीचा आहे. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी ‘सायन्स’मध्ये प्रवाही आवरणाचं चित्र मांडलं, त्यात मेदाच्या सागरात प्रथिनं तरंगत होती. त्या मांडणीच्या मुख्य आधारांपैकी एक फ्राय आणि एडिडिन यांचा प्रयोग होता. दोन वर्षांनी, १९७४ साली, ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी एच-२चं खरं काम उलगडायला सुरुवात केली. विषाणू शिरलेली पेशी मारणाऱ्या टी-पेशी विषाणूची खूण स्वतःच्या एच-२सोबतच ओळखतात, हे त्यांनी दाखवलं. एच-२ सारखे रेणू आतल्या प्रथिनांचे तुकडे हातात धरून बाहेर दाखवतात, हे पुढे कळलं. कलम नाकारणं हे त्यांचं निसर्गातलं काम कधीच नव्हतं. निसर्गात कोण कुणाच्या अंगात गाठ रोवतं?

हे कळल्यावर १९७० च्या निबंधाकडे पुन्हा पाहिलं की त्यातल्या हालचालीला नवा अर्थ येतो. टी-पेशी दुसऱ्या पेशीला जिथे भिडते तिथे दोन्ही बाजूंचे रेणू सरकून जमा होतात. आतल्या विषाणूचा तुकडा धरलेले थोडेच एच-२ पृष्ठभागावर असतील, तरी ते फिरत असल्यानं भेटीच्या जागी पोहोचू शकतात. खिळून बसलेल्या रेणूंना ते जमलं नसतं. फ्राय आणि एडिडिन यांनी एच-२ला निव्वळ खूण म्हणून वापरलं होतं, तरी त्यांनी मोजलेला गुण एच-२च्या स्वतःच्या कामाचाच एक भाग ठरला.

आणि तरी ते मोकळेपण संपूर्ण नव्हतं. हे दाखवणाऱ्यांतही एडिडिन होता. १९९१ साली एडिडिन, कुओ आणि शीट्झ यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं. उंदराच्या पेशींवरच्या एच-२ रेणूंना त्यांनी सोन्याचे बारीक कण चिकटवले आणि लेसरच्या चिमट्यानं ते कण आवरणावरून ओढून पाहिले. कण थोडं अंतर सहज जातो आणि मग अडतो. २३ अंश सेल्सिअसला आवरणातून आरपार गेलेला एच-२ रेणू अडथळ्याशिवाय सरासरी ०.६ मायक्रोमीटर सरकत होता. त्याच्याच नात्यातला, पण फक्त मेदाच्या नांगरानं आवरणाला टांगलेला क्यूए-२ हा रेणू १.७ मायक्रोमीटर. ३४ अंशांना ही दोन्ही अंतरं सुमारे पाचपट झाली. ज्याची शेपटी आत पेशीरसात लोंबते तो लवकर अडतो, म्हणजे अडथळा आवरणात नसून आवरणाच्या खाली आहे. पेशीच्या आतल्या सांगाड्याची कुंपणं शेपटीला लागतात. ती कुंपणं कायमची नाहीत. ऊब वाढली की ती अधिक वेळा उघडतात आणि रेणू पुढे सरकतो. ४० मिनिटांत पसरलेले १९७० चे ते प्रतिजन मोकळ्या मेदातून सरळ वाहत गेले नसावेत. एका कुंपणापर्यंत, मग ते उघडेपर्यंत थांबा, मग पुढच्या कुंपणापर्यंत, असे ते गेले असावेत. जोडपेशींच्या टक्केवारीत हा टप्प्याटप्प्याचा प्रवास दिसणं शक्य नव्हतं. एकेक कण हाताळायला लागल्यावरच तो दिसला.